शाळेने मूल्यं शिकवावीत, पण कोणाची?

धागाकर्ती:
माझं मत आधीच सांगते. मूल्यं शिकवणं हे शाळेचं काम आहे. 'आम्ही कुणाचीच बाजू घेत नाही' म्हणून शाळेला हात झटकता येत नाहीत. वर्गात कुणाला बोलू द्यायचं, कॉपी करणाऱ्याचं काय करायचं, यातून मूल्यं शिकवली जातातच. प्रश्न आहे मर्यादेचा. खरेपणा, दुसऱ्याचं ऐकून घेणं, दुबळ्याला न छळणं, एवढ्या किमान गोष्टींवर शाळेने अडून बसावं. देव मानावा का, लग्न कसं करावं, यात पडू नये.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९४३ मध्ये सांगितलं की विद्यार्थ्यांवर झेंड्याला सलाम करायची सक्ती करता येणार नाही. तीनच वर्षांपूर्वी त्याच न्यायालयाने नेमका उलटा निकाल दिला होता! भारतात १९८६ मध्ये केरळच्या तीन भावंडांचं प्रकरण झालं. राष्ट्रगीत सुरू झालं की ती आदराने उभी राहत, पण श्रद्धेमुळे गात नसत, म्हणून त्यांना शाळेतून काढलं होतं. न्यायालयाने परत घ्यायला लावलं. आदर शिकवता येतो, श्रद्धा वदवून घेता येत नाही.

प्रतिसाद, एक पालक:
निकाल मान्य, पण तुमचं 'किमान' हे तुमचंच आहे. 'सगळ्यांचं ऐका आणि मग स्वतः ठरवा' ही शिकवण आज्ञापालनाला सद्गुण मानणाऱ्या घराला परकी वाटते. अमिश या साधेपणाने, वेगळं राहणाऱ्या ख्रिस्ती पंथाच्या पालकांनी आठवीनंतर मुलांना शाळेत पाठवायला नकार दिला आणि १९७२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांचं म्हणणं उचलून धरलं. मुलांना कोणत्या प्रकारचं शिक्षण द्यायचं हे निवडण्याचा अग्रहक्क पालकांचा आहे, असं १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातही आहे.

धागाकर्ती:
त्याच खटल्यात न्यायमूर्ती डग्लस यांनी अंशतः वेगळं मत नोंदवलं होतं. त्यांचं म्हणणं, मुलांनाही विचारा. खटल्यातल्या तीन मुलांपैकी एकाच मुलीची साक्ष झाली होती. हक्क पालकांचा, पण आयुष्य त्या मुलांचं.

प्रतिसाद, एक शिक्षिका:
तुम्ही दोघं काय शिकवायचं यावर भांडताय. शिकवल्याने रुजतं का, ते आधी बघा. हार्टशोर्न आणि मे या अमेरिकेतल्या संशोधकांनी १९२० च्या दशकात हजारो मुलांचा प्रामाणिकपणा तपासला. एका प्रसंगी खरी वागलेली मुलं दुसऱ्या प्रसंगी फसवत होती.

माझाच अनुभव सांगते. एका मुलीने येऊन सांगितलं, "बाई, मला दोन गुण जास्त पडलेत." मी ते कापले. वर्गाने पाहिलं. त्यानंतर कित्येक महिने कुणीही अशी चूक दाखवायला आलं नाही. खरेपणावरचे माझे सगळे तास त्या दोन गुणांपुढे फिके पडले. गुण कापायलाच हवे होते, पण त्या मुलीने केलं ते मोठं होतं, हे मी वर्गासमोर म्हणायला हवं होतं.

प्रतिसाद, एक पालक:
बाईंचं पटलं. पण जिथे मुलीचं मत विचारायची रीतच नाही, तिथे शाळेने तिला मत मांडायला शिकवलं की संध्याकाळी घरात खटका उडतो. तो निस्तरायला शाळा येते का?

धागाकर्ती:
यायला हवी. निदान पालकांना आधीच स्पष्ट सांगायला हवं की आम्ही मुलांना प्रश्न विचारायला शिकवतो, आणि ही भूमिका तटस्थ नाही. 'किमान' हा शब्द वापरून मी तेच झाकलं होतं. तेवढा शब्द मागे घेते, आग्रह मात्र सोडत नाही.