जुन्या शंभर सीसी मोटारसायकलीचे ॲव्हरेज उतरले आहे. खर्च आधी कशावर करावा?

प्रश्न – कराडकर

नमस्कार. माझ्याकडे २००३ सालची हिरो होंडा स्प्लेंडर आहे. वडिलांनी ती नवी घेतली, पुढे ती माझ्याकडे आली, आणि नोंदणीचे नूतनीकरण झालेले असल्यामुळे २०२८ पर्यंत कागदपत्रांची चिंता नाही. कराड ते उंब्रज हा नोकरीचा रोजचा प्रवास महामार्गाने होतो, बाकीचे फिरणे गावातल्या गावात. पूर्वी ही गाडी लिटरमागे साठ-बासष्ट किलोमीटर सहज देत असे. गेल्या दीड-दोन वर्षांत हा आकडा उतरत उतरत पन्नासच्या खाली आला आहे. सायलेन्सरमधून धूर येत नाही, ऑइल कमी होत नाही आणि चढावरही गाडी दम सोडत नाही.

एका गॅरेजमध्ये मेन जेट (कार्ब्युरेटरमधून इंजिनाला पेट्रोल सोडणारा बारीक भोकाचा भाग) एक नंबर लहान बसवा असे सांगितले, दुसरीकडे इंजिन खोलून बोअर-पिस्टन बदला असे, आणि घरातले सगळे इथेनॉलमिश्रित पेट्रोलला दोष देतात. गाडी विकण्याचा माझा विचार नाही. जाणकारांनी कृपया सांगावे, की तपासणीची सुरुवात कोठून करावी आणि कोणता खर्च टाळावा.

प्रतिसाद १ – यंत्रप्रेमी, पुणे

इंजिन खोलण्याआधी आपला आकडा पक्का करून घ्या. शंभर-दोनशे रुपयांचे पेट्रोल टाकून काट्याकडे पाहत काढलेल्या ॲव्हरेजवर विसंबता येत नाही. गाडी मेन स्टँडवर उभी करून टाकी एका ठरावीक खुणेपर्यंत भरा, किलोमीटर लिहून ठेवा, टाकी रिझर्व्हला येईपर्यंत नेहमीसारखी चालवा आणि त्याच पंपावर पुन्हा त्याच खुणेपर्यंत भरा. असे लागोपाठ काही वेळा केले, की भरण्यातली चूक नगण्य होते. बाटलीतून एक लिटर पेट्रोल जोडून मोकळ्या रस्त्यावर घेतलेली चाचणी दोन दुरुस्त्यांची तुलना करायला उपयोगी असली, तरी रोजच्या वापराचे चित्र तिच्यातून मिळत नाही. शिवाय या गाडीचे किलोमीटर पुढच्या चाकावरून केबलने मोजले जातात, त्यामुळे तिथली गिअर झिजली असेल तर अंतर कमी दिसते आणि ॲव्हरेज केवळ कागदावरच घटते. महामार्गावरील किलोमीटरच्या दगडांशी किंवा मोबाईलमधील नकाशाशी एकदा पडताळून पाहा.

आता इथेनॉलचे. एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते, तर एक लिटर इथेनॉलमध्ये सुमारे २१. म्हणजे वीस टक्के इथेनॉल असलेल्या लिटरमध्ये शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत सुमारे सात टक्के ऊर्जा कमी भरते. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यात, शुद्ध पेट्रोलसाठी घडवलेल्या पण दहा टक्के मिश्रणासाठी जुळवलेल्या दुचाकींच्या ॲव्हरेजमधील घट ३ ते ४ टक्के धरलेली आहे. आपली गाडी त्याहूनही जुनी आहे, म्हणून पूर्ण सात टक्के धरले तरी बासष्टचे अठ्ठावन्न होतात, एकोणपन्नास होत नाहीत. उरलेले आठ-नऊ किलोमीटर गाडीतच कोठेतरी खर्ची पडत आहेत आणि ते शोधता येतात. घरच्यांचे म्हणणे खोटे नाही, पण सगळा भार इथेनॉलवर टाकला तर दुरुस्त होण्याजोगा दोष तसाच राहील.

प्रतिसाद २ – गॅरेजवाला, इचलकरंजी

धूर नाही, ऑइल कमी होत नाही, चढावर ताकद आहे, एवढे असताना बोअर-पिस्टनला हात लावू नका. शंका असेल तर कॉम्प्रेशन गेज लावून प्रेशर तपासून घ्या. इंजिन खोलण्याच्या मानाने तो खर्च काहीच नाही.

मेन जेटचा सल्ला मला अजिबात मान्य नाही, आणि त्याचे कारण सविस्तर सांगतो. मेन जेटचा अंमल ॲक्सिलरेटर तीन-चतुर्थांशाच्या पुढे पिळल्यावर चालतो. रोजच्या चालवण्यात थ्रॉटल पाव ते अर्धा उघडा असतो आणि तिथे पेट्रोल मोजून देण्याचे काम स्लाइडला अडकवलेली सुई आणि तिच्या खालचा नीडल जेट करतात. वीस वर्षे वरखाली होऊन सुई घासते, जेटचे गोल भोक लांबट होते आणि नेमक्या रोजच्या वेगाला पेट्रोल जास्त जाऊ लागते. अशा वेळी मेन जेट लहान केल्याने रोजच्या ॲव्हरेजमध्ये फरक पडत नाही, उलट महामार्गावर थ्रॉटल पूर्ण पिळल्यावर मिश्रण पातळ होऊन (म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडून) इंजिन तापते. त्यातच इथेनॉलला जळण्यासाठी हवा कमी लागत असल्यामुळे ई-२० (वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोल) वर चालणाऱ्या कार्ब्युरेटरच्या गाडीचे मिश्रण आधीच थोडे पातळ झालेले असते. लहान जेटच्या नादात वॉल्व्ह आणि पिस्टन खराब झालेल्या गाड्या मी दुरुस्त केलेल्या आहेत, म्हणून हे आग्रहाने लिहितो आहे. चांगल्या प्रतीची सुई आणि नीडल जेट जोडीने बदला, फ्लोटची सुई (कार्ब्युरेटरमध्ये येणारे पेट्रोल रोखणारी) आणि पेट्रोलची नळीही पाहा. जुने रबर इथेनॉलने फुगते, त्याला चिरा पडतात, आणि रात्रभर थेंब थेंब गळणारे पेट्रोल कोणाच्या लक्षातही येत नाही. चोक पूर्ण मागे येतो की अर्ध्यात अडकतो, हेही बघा.

पण या सगळ्याच्या आधी गाडी मेन स्टँडवर लावून, न्यूट्रलमध्ये मागचे चाक हाताने फिरवा. ब्रेकचा कॅम (ड्रममधले शू बाहेर ढकलणारा दांडा) कोरडा पडून गंजला, की पायडल सोडल्यावरही शू ड्रमला टेकून राहतात आणि इंजिन दिवसभर ब्रेकशी झगडत राहते. ब्रेक फारसा न लावता फेरी मारून आलात, की ड्रमला जपून बोट लावा. चांगला गरम लागला तर पेट्रोल कोठे जाते ते समजले. पूर्ण चेनकव्हरमुळे चेनही नजरेआड राहते, त्यामुळे ती महिनोन्‌महिने कोरडी फिरते किंवा कोणीतरी नको तितकी ताणून ठेवतो. टायरमध्ये थंड असताना पुढे २५ आणि मागे २८ एवढी हवा ठेवा. मागे माणूस बसणार असेल तर मागची वाढवा.

कराडकर

दोघांचेही मनापासून आभार. मागचे चाक हाताने ढकलल्यावर एक फेराही पूर्ण न करता थांबते आणि ब्रेकचे पायडलही सोडल्यावर परत वर यायला वेळ लावते. चेन मात्र ढिली आहे. आधी ब्रेकचे काम करून घेतो आणि मगच कार्ब्युरेटरकडे वळतो. महामार्गावर माझा वेग साधारण सत्तरच्या आसपास असतो. त्याचा कितपत परिणाम होत असेल?

प्रतिसाद ३ – आरएक्सवाला, नाशिक

परिणाम मोठा आहे. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे पन्नासऐवजी सत्तरने गेल्यास तो जवळजवळ दुप्पट होतो. ९७ सीसीचे हे इंजिन चाळीस-पन्नासच्या स्थिर वेगाला सर्वांत काटकसरीने चालते आणि कंपन्यांच्या जुन्या जाहिरातींतले आकडेही अशाच आदर्श परिस्थितीतले असत. सकाळच्या घाईत ते नेहमी जमत नाही हे मान्य, पण पंचावन्नवर आणले तरी फरक जाणवेल. माझी आरएक्स १०० टू-स्ट्रोक आहे. तिच्या इंजिनात ताज्या मिश्रणाचा काही भाग न जळताच एक्झॉस्ट पोर्टमधून निघून जातो, त्यामुळे कितीही जपले तरी तिच्याकडून स्प्लेंडरसारख्या ॲव्हरेजची अपेक्षा धरता येत नाही. पण तिच्याही बाबतीत वेग आवरल्याचा फायदा मला दर टाकीला दिसतो.

गॅरेजवाला, इचलकरंजी

कराडकर, ब्रेक नुसता ढिला करून घेऊ नका. चाक काढायला लावा, कॅम बाहेर काढून पॉलिश पेपरने घासून घ्या आणि त्याला ग्रीस अगदी बेताने लावायला सांगा. जास्त झाले तर ते शूवर उतरते आणि ब्रेक लागत नाही. शू आणि त्यांच्या स्प्रिंगा जुन्या असतील तर सोबतच बदला. चाक निघालेच आहे तर बेअरिंग आणि हबमधले डँपर रबरही पाहून घ्या. चेनला मधोमध बोटाने वरखाली करून दोन-अडीच सेंटिमीटर खेळ राहील एवढीच ती ताणा. त्यानंतर दोन टाक्यांचे ॲव्हरेज काढून इथे लिहा, म्हणजे सुई-जेट बदलायचे की नाही ते ठरवता येईल.