मदत हवी आहे: सर्च कन्सोलमध्ये इम्प्रेशन्स (शोधात दिसणं) भरपूर, क्लिक जेमतेम

आमच्या फर्निचर दुरुस्तीच्या वेबसाइटचा गूगल सर्च कन्सोलमधला, म्हणजे साइट गूगलच्या शोधात कशी दिसते ते सांगणाऱ्या साधनातला, १६ महिन्यांचा डेटा (त्यामागचा मिळतच नाही) काढून बसलोय. 'खुर्चीचा पाय हलतो' या शोधात आम्ही आठव्या-नवव्या स्थानावर दिसतो, पण क्लिक करत नाही कुणी. पानाचं शीर्षक काय, तर 'आमच्या सेवा'! लिहितानाच लाज वाटली, ते आज बदलतोय.

खरा घोळ पुढे आहे. याच शोधाला आमची दोन पानं आलटून पालटून येतात, एक सेवेचं, एक जुन्या लेखाचं. लेखातला मजकूर सेवेच्या पानात घेऊन ३०१ रीडायरेक्ट (जुन्या पत्त्यावर येणाऱ्याला कायमचं नव्या पानावर वळवणं) लावावं, की लेख ठेवून त्यातून नुसती लिंक दिली तरी पुरे? आणि लोक 'दुरुस्ती'पेक्षा 'रिपेअर'च जास्त शोधतात; दोन्ही शब्द एकाच पानावर चालतील ना? कुणी स्वतः करून पाहिलं असेल तर प्लीज सांगा.