वडिलांना व्हेंटिलेटरवर पालथे ठेवले आहे : चेहऱ्यावरील सूज व पुढील उपचार यांबाबत मदत हवी आहे

सर्वांना नमस्कार. आमचे अण्णा (वय 61, निफाडजवळ द्राक्षबाग) न्यूमोनिया दोन्ही फुफ्फुसांत पसरल्यामुळे सहा दिवसांपासून नाशिकमधील एका रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात आहेत. एआरडीएसचे (फुफ्फुसांना सूज येऊन त्यांत पाणी भरते व रक्ताला पुरेसा ऑक्सिजन मिळत नाही, अशी गंभीर अवस्था) निदान झाले असून, व्हेंटिलेटरवर भरपूर ऑक्सिजन देऊनही रक्तातील प्रमाण सुधारेना, म्हणून सोमवारपासून त्यांना रोज सुमारे 16 तास पालथे ठेवले जाते.

उताणे असताना हृदयाचा आणि वरच्या फुफ्फुसाचा भार पडून पाठीकडचा भाग मिटतो, रक्त मात्र तिकडेच जास्त जाते, आणि पालथे केल्यावर तो भाग उघडून श्वासासाठी कामी येतो, असे डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावले. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, मुख्यतः फ्रान्समधील 466 रुग्णांच्या चाचणीत 28 दिवसांतील मृत्यूचे प्रमाण उताण्या गटात 32.8 टक्के, तर पालथ्या गटात 16 टक्के होते, हेही मी वाचले. त्यामुळे उपचाराला आमचा विरोध मुळीच नाही.

काळजी वेगळीच आहे. 2021 मध्ये छातीखाली उशा घेऊन पालथे झोपलेली माणसे आम्ही घरोघरी पाहिली, पण ती शुद्धीत होती, अवघडले की कूस बदलत होती. अण्णा गुंगीच्या औषधांवर आहेत. काल भेटीच्या वेळी त्यांच्या पापण्या सुजून डोळे दिसेनासे झाले होते, ओठाच्या कडेला नळीच्या पट्टीचा व्रण होता आणि हनुवटीवर लाल चट्टा. आई तिथेच मटकन खाली बसली. दर दोन तासांनी मान दुसऱ्या बाजूला वळवतो, सूज उतरेल, असे सिस्टरांनी सांगितले, आणि त्या खरोखरच फार जपून करतात. पालथे करताना पाच जण लागतात व एक जण केवळ नळी धरून उभा असतो.

ज्यांनी घरच्या माणसाबाबत हे अनुभवले आहे, किंवा जे अतिदक्षता विभागात काम करतात, त्यांनी कृपया सांगावे : ही सूज किती दिवसांत उतरते, आणि हनुवटीचा चट्टा जखमेत बदलू नये म्हणून नातेवाइकांनी नेमके काय विचारावे? उताणे केल्यावर चार तासांनीही ऑक्सिजनचे गुणोत्तर (रक्तातील ऑक्सिजनचा दाब भागिले श्वासातून दिलेल्या ऑक्सिजनचे प्रमाण; जितके जास्त तितके चांगले) 150 च्या वर टिकले तर पालथे करणे थांबवतात, असे वाचले. अण्णांचे आज 118 आहे, सोमवारी 84 होते. ही वाढ पुरेशा वेगाने होत आहे का?

डॉक्टर उद्या सकाळी 11 वाजता भेटणार आहेत. त्याआधी उत्तर मिळाल्यास आईलाही नीट समजावून सांगता येईल.