एनबीए ड्राफ्ट : उडी बघून पोरं निवडतो आणि दरवर्षी आपटतो. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आम्ही सात मित्र कॉलेजपासून एनबीए (अमेरिकेतली व्यावसायिक बास्केटबॉल लीग) बघतो. दर जूनमध्ये ड्राफ्टच्या (संघ आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्याच्या) आदल्या रात्री प्रत्येकाने नवीन पोरांपैकी पाच निवडायची, तीन मोसम झाले की कुणाची पोरं जास्त मिनिटं खेळली ते मोजायचं, आणि जो तळाला त्याने सगळ्यांना मिसळ घालायची. मिसळीचं बिल बहुतेक वेळा मीच भरतो.

दुखणं कुठे आहे ते कळलंय. मी उडीला भुलतो. चार मिनिटांचा डंकचा (उडी मारून चेंडू थेट बास्केटमध्ये कोंबण्याचा) व्हिडिओ बघितला की पोरगा मनात बसतो. २०१८ला एटन आणि बॅग्ली ही उंच उड्यांची पोरं डोळे झाकून घेतली आणि डॉन्चिच सोडला, जो पुढे लीगचा मोठा तारा झाला. म्हटलं, हा गुबगुबीत, धावताना दमलेला दिसतो, याचं अमेरिकेत काय होणार? हा पोरगा १९व्या वर्षी रेआल माद्रिदकडून युरोलीगचा (युरोपातली अव्वल क्लब स्पर्धा) सर्वोत्तम खेळाडू ठरला होता, हे वाचलेलं असून! (सॅक्रामेंटो संघानेही दुसऱ्या क्रमांकावर बॅग्लीच घेतला, एवढंच समाधान.)

मग ठरवलं की आकडे बघायचे. शिकागोच्या कंबाइनचा (ड्राफ्टआधीच्या मोजमाप-चाचणीचा) तक्ता काढला : अनवाणी उंची, विंगस्पॅन (पसरलेल्या हातांची लांबी), उभ्याने उडी, धावत येऊन उडी, पाऊण कोर्टची धाव. पण २००७च्या कंबाइनमध्ये पुढे मोठा तारा झालेल्या केव्हिन ड्युरँटला १८५ पौंडांचा बार एकदाही उचलता आला नव्हता, हे आठवलं आणि तक्ताही मिटला.

जाणकारांना विचारायचंय ते असं. पूर्ण मॅच बघताना नजर नेमकी कुठे ठेवायची? 'दुसरी उडी बघ' असं सगळे सांगतात, म्हणजे खाली आल्याबरोबर पोरगा पुन्हा किती चटकन उसळतो ते. पण बॅग्लीची दुसरी उडी तर नावाजलेली होती! आणि पोटेन्शियल म्हणतात ते दिसतं तरी कशात, की तो नुसता अंदाजपंचे कारभार?

---

प्रतिसाद

तुम्ही वर जाणं बघताय, थांबणं बघत नाही. शाळेत खो-खो खेळलेल्या कुणालाही विचारा. नुसता पळणारा लगेच बाद होतो, हुलकावणी देणारा टिकतो. हुलकावणी म्हणजे काय, तर भरवेगात पाय रोवून एका पावलात दिशा बदलणं. सांता बार्बरात पी-थ्री नावाची प्रयोगशाळा आहे, तिथे एनबीएचे खेळाडू मोजून घेतात. जेम्स हार्डनचं वेगळेपण तिथे याच ब्रेक लावण्यात दिसलं. डॉन्चिचही त्याच जातीचा. बचाव करणारा दोन पावलं पुढे निघून जातो आणि हा आपला निवांत उभा. ते तुम्हाला दमणं वाटलं.

व्हिडिओ मंद गतीने लावा आणि चेंडू सोडून गुडघे-घोटे बघा. चेंडू घेऊन बास्केटकडे मुसंडी मारताना धक्का बसल्यावर खांदे कलतात का, तेही.

प्रतिसाद

बॅग्लीबद्दल. त्या मोसमात त्याच्या ड्यूक कॉलेजच्या संघाने माणसामागे माणूस लावणं सोडून झोन (प्रत्येकाने मैदानाचा ठरलेला भाग राखणं) पकडला होता. एरवी माणसामागे माणूस लावणाऱ्या कोच के (ड्यूकचे तेव्हाचे प्रशिक्षक) यांच्या संघाने झोन खेळायचा, म्हणजे बचावात काहीतरी गळत होतं हे उघड आहे. दुसरी उडी खोटी नव्हती, ती रिबाउंडपुरती (हुकलेला चेंडू पकडण्यापुरती) होती. उंच पोरगा बघताना मी एकच प्रसंग शोधतो : समोरच्या संघाने स्क्रीन लावला (वाटेत उभं राहून बचाववाला अडवला) आणि याला छोट्या गार्डसमोर (चेंडू खेळवणाऱ्या चपळ खेळाडूसमोर) यावं लागलं, तर हा कंबर खाली ठेवून तीन पावलं आडवा सरकतो का? हायलाइटमध्ये हे कधीच नसतं.

योकिचचं (पुढे लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरलेला) गणित मात्र वेगळं, त्याला कुठल्याच मापात बसवू नका. ४१व्या क्रमांकावर त्याचं नाव पुकारलं तेव्हा टीव्हीवर टाको बेलची जाहिरात चालू होती. अख्खी लीग चुकली तिथे तुमच्या मिसळीचं काय घेऊन बसलात!

प्रतिसाद

पोटेन्शियलसाठी आधी जन्मतारीख बघा. १८ वर्षांच्या आणि २२ वर्षांच्या पोराने सारखेच पॉइंट केले असतील, तर ते सारखे नाहीत. पुढे लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरलेला यानिस २०१३ला १५व्या क्रमांकावर गेला तेव्हा १८चा होता आणि ड्राफ्टनंतरही उंच होत राहिला.

मग फ्री थ्रो, म्हणजे फाउलनंतर मिळणारा मोकळा नेम. कॉलेजमधल्या तीन-पॉइंटरच्या टक्केवारीवर जाऊ नका, नेम सुधारेल का ते फ्री थ्रो जास्त सांगतो. पुढे तारा झालेला क्वाय लेनर्ड सॅन डिएगो स्टेट कॉलेजला तीनच्या रेषेबाहेरून शंभरात पंचवीसच टाकायचा, पण फ्री थ्रो पाऊणशेच्या आसपास. त्यात ६ फूट ७ इंचांच्या पोराचा विंगस्पॅन ७ फूट ३. तोही १५वा गेला.

आणि कंबाइनचा तक्ता फेकू नका हो. उडीसाठी नको, पण उंचीसाठी तरी ठेवा. २०२५ला एस बेलीला त्याचं कॉलेज रटगर्स ६ फूट १० म्हणत होतं, कंबाइनमध्ये अनवाणी भरला साडेसहा फुटांपेक्षा जेमतेम दीड इंच जास्त.

प्रतिसाद

उंचीवरून आठवलं. २०१५ला डॅलसने आपल्या पंजाबच्या सतनाम सिंगला ५२वा घेतला, ७ फूट २ इंच. भारतात जन्मलेला ड्राफ्ट झालेला पहिलाच खेळाडू. त्या दिवशी आम्ही ऑफिसात पेढे वाटले. एनबीएची एकही मॅच त्याच्या नशिबी आली नाही. या प्रश्नाशी संबंध थोडाच आहे, पण राहवलं नाही.

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार. पेढ्यांचं वाचून बरं वाटलं, मीही वाटले होते.

झोनची गोष्ट माझ्या ध्यानातच आली नव्हती. रविवारी बॅग्लीची ड्यूकची एक जुनी मॅच लावून बसतो, त्याच्या संघाकडे चेंडू असला की पुढे पळवायची आणि बाकी वेळ फक्त त्याचे पाय बघायचे. त्याच बैठकीला डॉन्चिचची माद्रिदची एखादी मॅचही बघतो, मंद गतीने. फ्री थ्रोबद्दल एक शंका उरली : एका मोसमात जेमतेम साठ-सत्तर फ्री थ्रो मारलेल्या पोराचा आकडा धरायचा का? तेवढं कुणीतरी सांगा.