मदत हवी आहे: कन्स्ट्रक्टर मध्येच फेल झाला की डिस्ट्रक्टर चालतच नाही (सी प्लस प्लस)

नमस्कार मंडळी,

पायथॉनवरून सी प्लस प्लसकडे वळले आहे आणि एका ठिकाणी अडकले आहे. सेन्सरची रीडिंग्ज फाइलमध्ये लिहिणारा 'रेकॉर्डर' नावाचा क्लास आहे. त्याचा कन्स्ट्रक्टर (ऑब्जेक्ट बनताना चालणारं फंक्शन) आधी एफओपनने फाइल उघडतो, मग न्यू वापरून बफर घेतो आणि शेवटी सेटिंग तपासतो. सेटिंगमधला दर शून्य निघाला की थ्रो, म्हणजे एक्सेप्शन फेकतो. डिस्ट्रक्टरमध्ये (ऑब्जेक्ट संपताना चालणारं फंक्शन) एफक्लोज आणि डिलीट दोन्ही आहेत.

प्रत्येक पायरीवर प्रिंट टाकून पाहिलं. दर बरोबर असेल तर:

फाइल उघडली
बफर घेतला
सेटिंग ठीक
सफाई झाली

दर शून्य असेल तर:

फाइल उघडली
बफर घेतला
चूक: दर शून्य

'सफाई झाली' येतच नाही. प्रोग्राम तिथेच संपला असता तर ऑपरेटिंग सिस्टिमने फाइल बंद केली असती. पण मी एक्सेप्शन पकडून लूपमध्ये पुन्हा प्रयत्न करते, त्यामुळे उघड्या फाइली साचत जातात आणि काही वेळाने एफओपन नल (रिकामा पॉइंटर) द्यायला लागतो. एरर येते 'टू मेनी ओपन फाइल्स'.

पायथॉनमध्ये इनिटमध्ये (कन्स्ट्रक्टरसारखी मेथड) एक्सेप्शन आलं तरी डेल (डिस्ट्रक्टरसारखी मेथड) चालतो. मग इथे का नाही? कन्स्ट्रक्टरमध्येच ट्राय-कॅच घालून हाताने सगळं बंद करायचं, एवढाच मार्ग आहे का? जीसीसी वापरते, स्टँडर्ड सी प्लस प्लस १७.

प्रतिसाद १

लिनक्सवर एका प्रोसेसला बहुधा १०२४ फाइलींची मर्यादा असते, ती संपली की ही एरर येते. यूलिमिट कमांडने वाढवता येईल, पण त्याने दुखणं फक्त पुढे ढकललं जाईल.

ट्राय-कॅच चालेल. आणखी एक मार्ग म्हणजे कन्स्ट्रक्टर रिकामा ठेवा आणि 'सुरू करा' असं वेगळं फंक्शन लिहा. ते फेल झालं तरी ऑब्जेक्ट पूर्ण तयार झालेला असतो, म्हणजे डिस्ट्रक्टर चालणारच.

प्रतिसाद २

वेगळ्या फंक्शनचा सल्ला मला पटत नाही. मग प्रत्येक मेथडला आधी विचारावं लागतं की सुरू झालंय का, आणि कोणीतरी कधीतरी ते विसरतंच. कन्स्ट्रक्टर संपला म्हणजे ऑब्जेक्ट वापरायला तयार, ही हमी फार मोलाची आहे. ती सोडू नका.

आता 'का' बद्दल. पायथॉनमध्ये न्यू नावाची मेथड ऑब्जेक्ट आधीच बनवते, इनिट त्यात फक्त माल भरतो. म्हणून इनिट फसला तरी ऑब्जेक्ट असतोच आणि डेल चालतो. सी प्लस प्लसमध्ये कन्स्ट्रक्टर पूर्ण झाल्यावरच ऑब्जेक्टचं आयुष्य सुरू होतं. तुमचा रेकॉर्डर जन्मलाच नाही, मग त्याचा डिस्ट्रक्टर कोणावर चालवायचा? चालवला असता तर त्याला काय तयार आहे आणि काय नाही हे कळलंच नसतं, आणि ज्या पॉइंटरमध्ये अजून काही ठेवलेलंच नाही तोही त्याने डिलीट केला असता.

पण भाषा तुम्हाला वाऱ्यावर सोडत नाही. जे बेस क्लास आणि जे मेंबर (क्लासमधली व्हेरिएबल्स) पूर्ण बनलेले असतात, त्यांचे डिस्ट्रक्टर उलट्या क्रमाने चालतात. तुमची अडचण एवढीच की फाइल आणि बफर हे दोन्ही साधे पॉइंटर आहेत, आणि साध्या पॉइंटरला डिस्ट्रक्टर नसतो. तेव्हा प्रत्येक रिसोर्सला त्याचा स्वतःचा मालक द्या: बफरसाठी व्हेक्टर (स्वतःची मेमरी स्वतः सोडणारा), फाइलसाठी युनिक पॉइंटर (एकच मालक असलेला पॉइंटर), ज्याच्या डिलीटरमध्ये, म्हणजे तो नष्ट होताना बोलावल्या जाणाऱ्या फंक्शनमध्ये, एफक्लोज असेल. पॉइंटर नल असेल तर युनिक पॉइंटर डिलीटरला हातच लावत नाही. मग थ्रो कुठल्याही ओळीवर होऊ दे, तोवर जे बनलं ते मिटेल. तुमचा डिस्ट्रक्टर पूर्ण काढून टाकता येईल.

याचा आणखी एक फायदा. सध्याचा क्लास कॉपी झाला तर दोन ऑब्जेक्टकडे एकच फाइल जाईल आणि एफक्लोज दोनदा होईल. युनिक पॉइंटर असला की कॉपी कंपाइलच होत नाही.

क्रमाकडे मात्र लक्ष द्या. मेंबर क्लासमध्ये ज्या क्रमाने जाहीर केलेत त्याच क्रमाने बनतात, इनिशियलायझर लिस्टमध्ये तुम्ही काहीही क्रम लिहा. जीसीसीला 'वॉल' फ्लॅग दिलात तर तो यावर वॉर्निंग देतो.

धागाकर्ती

खूप खूप आभार! 'जन्मलाच नाही' वाचलं आणि लख्ख प्रकाश पडला. दोन्ही बदल केले, डिस्ट्रक्टर काढला, लूप रात्रभर चालवला आणि उघड्या फाइलींची संख्या जागची हलली नाही.

पण एका छोट्या चाचणी प्रोग्राममध्ये गंमत दिसतेय. तिथे मेनमध्ये ट्राय-कॅच नाही, आणि तिथे मेंबरचे डिस्ट्रक्टरसुद्धा चालत नाहीत. असं का? आणि डिलीटरमध्ये एफक्लोजच फेल झाला तर तिथून थ्रो करू का?

प्रतिसाद २

एक्सेप्शन कोणीच पकडलं नाही तर टर्मिनेट होतं, म्हणजे प्रोग्राम तिथेच तुटतो, आणि त्याआधी स्टॅक उलगडायचा (बनलेल्या गोष्टींचे डिस्ट्रक्टर चालवत मागे यायचं) की नाही हे स्टँडर्डने कंपायलरवर सोडलंय. जीसीसी सहसा उलगडत नाही. मेनमध्ये एक कॅच टाका, दिसेल.

डिलीटरमधून थ्रो अजिबात नको. युनिक पॉइंटरचा डिस्ट्रक्टर नोएक्सेप्ट आहे, म्हणजे एक्सेप्शन बाहेर टाकणार नाही असं त्याने जाहीर केलंय. त्यातून एक्सेप्शन बाहेर पडलं की थेट टर्मिनेट. पण एफक्लोजकडे दुर्लक्षही करू नका, कारण फाइलच्या आतल्या बफरमधला (तुमच्या बफरमधला नव्हे) उरलेला डेटा लिहिताना चूक झाली तर ती तिथेच कळते. रेकॉर्डरला 'बंद करा' अशी मेथड द्या. तिच्यात युनिक पॉइंटरवर रिलीज करा (फाइलची मालकी त्याच्याकडून काढून घ्या), मग एफक्लोज करून त्याचं उत्तर तपासा आणि हवं तर तिथून थ्रो करा. सगळं सुरळीत असेल तेव्हा ती स्वतः बोलवा. तिच्यापर्यंत पोहोचायच्या आत काही फसलं तर डिलीटर आहेच.