सकाळच्या गोळीसोबत कॅल्शियम चालतं का? (एआरटी, म्हणजे एचआयव्हीची औषधं, घेणाऱ्यांनी सांगा)

नमस्कार. नवीन आयडी काढून लिहितेय. जुन्या आयडीने इथे लोणच्याच्या पाककृती टाकते, तेव्हा ओळखलं तरी गप्प राहा.

वय ४४. एचआयव्हीची औषधं १२ वर्षांपासून चालू, जिल्ह्याच्या सिव्हिलमधून. नवरा गेला तेव्हाच माझंही कळलं. मुलगा निगेटिव्ह आहे, यंदा बारावीला. घरात सासूबाईंना माहीत, जावेला नाही. टीएलडी (एचआयव्हीची तीन औषधं एकत्र असलेली गोळी) रात्री घेतली की माझी झोप उडायची, म्हणून काउन्सेलर मॅडमनी सकाळी घ्यायला सांगितली. सहाला, चहाच्या आधी. एकही दिवस चुकवलेला नाही. गेल्या वर्षीच्या व्हायरल लोडवर (रक्तात विषाणू किती, ती तपासणी) 'टार्गेट नॉट डिटेक्टेड', म्हणजे विषाणू सापडला नाही, असं होतं.

महिन्याभरापासून गुडघा धरलाय. गावातल्या हाडांच्या डॉक्टरांनी कॅल्शियम, दुखण्याची गोळी दोन वेळा आणि ॲसिडिटीचं गुलाबी पातळ औषध दिलं. एचआयव्हीचं बोलले नाही, कारण त्यांचा कंपाउंडर जावेच्या माहेरचा. विसरायला नको म्हणून तीन आठवडे सगळं सकाळीच एकदम घेत होते, उपाशीपोटी. परवा सेंटरच्या रांगेत एक बाई म्हणाली, कॅल्शियमने आपली गोळी अंगाला लागत नाही. तेव्हापासून पोटात गोळा आलाय. खरंय का? व्हायरल लोड परत वाढेल का?

आणि एक. बाटली पिशवीत फार खुळखुळते, एसटीत शेजारची वळून बघते. गोळ्या स्टीलच्या डबीत काढल्या तर चालेल?

शेवगा
ताई, त्या बाईचं खरं आहे. टीएलडीतलं डोल्युटेग्रॅविर कॅल्शियमला, लोहाला चिकटतं आणि रक्तात नीट उतरत नाही. जेवणासोबत घेतलं तर दोन्ही एकत्र चालतात. उपाशीपोटी असेल तर टीएलडी कॅल्शियमच्या २ तास आधी किंवा ६ तासांनंतर. पातळ ॲसिडिटीच्या औषधात बहुतेक ॲल्युमिनियम-मॅग्नेशियम असतं, त्याला जेवणाचीही सवलत नाही, तिथे हेच अंतर पाळायचं. सोपं म्हणजे टीएलडी सहालाच राहू दे, कॅल्शियम दुपारच्या जेवणावर ढकला.

मला जास्त काळजी दुखण्याच्या गोळीची वाटते. टीएलडीत टेनोफोविरही आहे, त्याच्यामुळे लक्ष ठेवायचं ते किडनीवर. त्यात रोज दोन पेनकिलर नकोत. क्रिएटिनीन (किडनीची रक्ततपासणी) कधी केलं होतं?

वैद्यबुवा
या गोळ्या किती दिवस खाणार? गुळवेल आणि अश्वगंधाचा काढा सुरू करा, सहा महिन्यांत सगळं बंद होतं.

नर्मदाकाठ
वैद्यबुवा, काय बंद होतं, माणूस? माझ्या भावाने असल्याच काढ्यापायी २ वर्षं औषध सोडलं, टीबी घेऊन परत आला. ॲडमिन, ही पोस्ट उडवा.

ताई, डबी नको. बाटलीतली ती छोटी पुडी ओल शोषायला असते, गोळ्या तिच्यासोबतच राहू द्या. तोंडाशी कापसाचा बोळा कोंबा, आवाज जातो. मी १० वर्षं कोंबतोय.

डॉक्टरांना सांगायचं की नाही हे तुम्ही ठरवा, पण निदान गोळीचं नाव तरी सांगा. २०१७ च्या एचआयव्ही कायद्याने तुमच्या संमतीशिवाय त्यांना ते कोणाला सांगता येत नाही, आणि या कारणावरून उपचार नाकारताही येत नाहीत. कायदा कंपाउंडरच्या तोंडाला कुलूप लावत नाही, हे मलाही कळतं.

शेवगा
तीन आठवड्यांनी लगेच आभाळ कोसळत नाही, पण सेंटरच्या डॉक्टरांना हे सगळं जसंच्या तसं सांगा. गरज वाटली तर ते व्हायरल लोड लवकर करतील. फोनवर बोलायचं असेल तर १०९७, फुकट आहे, मराठीतही बोलतात. टीएलडी मात्र एक दिवसही थांबवू नका.

मूळ प्रश्नकर्ती
सर्वांचे आभार. आज गेले होते. मॅडम रागावल्या नाहीत, उलट गुलाबी बाटली हातात घेऊन मागचं सगळं वाचत बसल्या. दुखण्याची गोळी सध्या बंद, वरून लावायचा मलम दिलाय. क्रिएटिनीन आणि व्हायरल लोडसाठी सोमवारी रक्त. कॅल्शियम आता भाकरीसोबत, दुपारी.

हाडांच्या डॉक्टरांना बुधवारी सांगणार आहे. ते साडेआठला येतात, कंपाउंडर नऊला.