अनुभव धागा : डेटाबेस पाहण्या-बदलण्याचं टूल तुम्हाला कुठे अडलं, कुठे उपयोगी पडलं?

डेव्हलपरांसाठी डेटाबेस ग्रिडमध्ये (रो आणि कॉलमच्या चौकटीत) उघडून पाहायचं आणि तिथल्या तिथे बदलायचं एक मुक्तस्रोत टूल आम्ही काही जण मिळून सुधारतो आहोत. नव्या थीम, नवे आयकॉन अशा मागण्या आमच्याकडे भरपूर जमल्या आहेत. मला हवे आहेत ते प्रसंग. ग्रिडमध्ये दिसलेलं आणि टेबलात असलेलं जुळलं नाही, 'सेव्ह'वर बोट ठेवून थांबावंसं वाटलं, किंवा टूलने वेळीच अडवलं म्हणून डेटा वाचला, असं काहीही. माझं मत आधीच सांगते. आहे तसा डेटा दाखवणं हे अशा टूलचं पहिलं काम, आणि बदल करण्याआधी नेमकं काय घडणार ते दाखवणं हे दुसरं. बाकी सगळं त्यानंतर. पटत नसेल तर तेही लिहा. त्रास देणाऱ्या टूलचं नाव नको, पण डेटाबेस आणि कॉलमचा टाइप जरूर सांगा.

बॅकएंड डेव्हलपर

टाइप : बिगइंट (मोठ्या पूर्णांकांचा). आमचे आयडी ६४ बिटांचे आहेत. ब्राउझरमध्ये चालणाऱ्या एका टूलमधून आयडी कॉपी करून क्वेरीत टाकला की रो सापडायचीच नाही. लॉगमध्ये आयडी बरोबर, ॲपमध्ये बरोबर, फक्त ग्रिडमध्ये शेवटचा अंक वेगळा.

कारण जावास्क्रिप्टच्या 'नंबर'मध्ये आहे. त्यात ९००७१९९२५४७४०९९१ च्या पुढे प्रत्येक पूर्णांक नेमका मावतोच असं नाही. ९००७१९९२५४७४०९९३ दिलं की ९००७१९९२५४७४०९९२ होतं, आणि कुठेही एरर येत नाही. ट्विटरने आपल्या एपीआयमध्ये आयडीसोबत तोच आकडा मजकूर म्हणून द्यायला सुरुवात केली ती याचमुळे. नोडमधला (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवतात तिथला) पोस्टग्रेस डेटाबेसशी जोडणारा ड्रायव्हरसुद्धा बिगइंट मुळातच स्ट्रिंग म्हणून देतो. म्हणजे ड्रायव्हर काळजी घेतो आणि वरचा ग्रिड ती वाया घालवतो.

खरा धोका एडिटिंगमध्ये आहे. समजा मी त्याच रोमधलं नाव बदललं आणि टूलने अपडेटच्या व्हेअरमध्ये (कोणती रो बदलायची त्या अटीत) तो बदललेला आयडी घातला. नशीब चांगलं असेल तर शून्य रो बदलतील. नसेल तर शेजारची रो बदलेल. म्हणून मोठे आकडे आणि डेसिमल मजकूर म्हणूनच हाताळा. उजवीकडे टेकवून दाखवायचे असतील तर दाखवा, पण आतमध्ये त्यांना संख्या करू नका.

सपोर्ट टीममधून

मी डेव्हलपर नाही, पण दिवसाचा मोठा भाग ग्रिडसमोर जातो. माझ्यासाठी सगळ्यात मोलाची सोय म्हणजे फॉरेन की (दुसऱ्या टेबलातल्या रोकडे बोट दाखवणारा कॉलम) वरून उडी. ऑर्डरच्या रोमध्ये ग्राहकाचा आयडी दिसला की त्यावर क्लिक करून थेट ग्राहकाची रो. आणि उलटही, म्हणजे या ग्राहकाकडे बोट दाखवणाऱ्या सगळ्या टेबलांतल्या रो. उलटी उडी फार कमी ठिकाणी नीट असते. मागे येण्याचं बटणही हवं, आधीचा फिल्टर आणि स्क्रोल जसेच्या तसे ठेवून.

दुसरं, नल (किंमतच नाही) आणि रिकामी स्ट्रिंग (किंमत आहे, पण कोरा मजकूर). दोन्ही पांढऱ्या कोऱ्या सेल म्हणून दाखवणारं टूल मी वापरलं आहे. 'ईमेल नसलेले' शोधायला गेल्यावर निम्मे लोक गायब. शिवाय सेलमध्ये जाऊन काही न लिहिता बाहेर आलं की नलची रिकामी स्ट्रिंग व्हायची. सेलला नुसता हात लागला म्हणजे तो बदल नव्हे, एवढं तरी टूलला कळायला हवं. सीएसव्हीतही हाच घोळ होतो. पोस्टग्रेसच्या 'कॉपी'ची पद्धत मला आवडते. अवतरणचिन्हांशिवाय रिकामी जागा म्हणजे नल, रिकामी अवतरणचिन्हं म्हणजे रिकामी स्ट्रिंग. तुमच्या एक्सपोर्टमध्ये हीच ठेवा.

डीबीए, पोस्टग्रेस

डेटाबेस सर्व्हर सांभाळणं हे माझं काम, म्हणून धागा काढलात हे फार बरं केलंत. टूलचा त्रास वापरणाऱ्याला दिसतो त्याहून जास्त सर्व्हरवर होतो, आणि ती बाजू सहसा कोणी मांडत नाही.

प्रसंग असा. एका सहकाऱ्याने ऑटोकमिट (प्रत्येक क्वेरी आपोआप पक्की होणं) बंद ठेवून एक टेबल उघडलं, नुसतं पाहिलं आणि तो मीटिंगला गेला. काहीही बदललं नव्हतं. पण ट्रान्झॅक्शन (एकत्रच पक्का किंवा रद्द होणारा क्वेरींचा गट) उघडं होतं आणि सिलेक्टने (वाचणाऱ्या क्वेरीने) घेतलेलं लॉक ट्रान्झॅक्शन संपेपर्यंत सुटत नाही. ते लॉक अगदी सौम्य असतं, वाचणाऱ्यांना नाही की लिहिणाऱ्यांना नाही, कोणालाच अडवत नाही. मात्र त्याच वेळी मायग्रेशनमधून (टेबलांची रचना बदलणाऱ्या स्क्रिप्टमधून) त्या टेबलावर 'ऑल्टर टेबल' आलं. त्याला पूर्ण ताबा हवा असतो, म्हणून ते रांगेत थांबलं. आणि मग त्याच्या मागून येणारी प्रत्येक क्वेरी, अगदी साधी सिलेक्टसुद्धा, त्याच रांगेत अडकली. ॲप ठप्प. शोधायला गेलो तर मुळाशी 'आयडल इन ट्रान्झॅक्शन' असं एक निवांत कनेक्शन.

पोस्टग्रेस ९.६ पासून, म्हणजे २०१६ पासून, अशा कनेक्शनना ठरावीक वेळेनंतर तोडायची सेटिंग आहे. ती लावाच. पण टूलनेही उघडं ट्रान्झॅक्शन ठळक दाखवावं, किती वेळ उघडं आहे तेही, आणि नुसत्या पाहण्यासाठी ट्रान्झॅक्शन उघडं ठेवूच नये.

आणखी एक गोष्ट अगदी मनापासून. टेबल उघडल्या उघडल्या एकूण रो मोजू नका. पोस्टग्रेसला काउंटसाठी खरोखर सगळं चाळावं लागतं, कारण कोणती रो कोणत्या ट्रान्झॅक्शनला दिसते हे एकेक तपासावं लागतं. 'पीजी_क्लास' या पोस्टग्रेसच्या आतल्या टेबलात अंदाजे आकडा तयार असतो. तो 'सुमारे' लिहून दाखवा, नेमका हवा असेल तर मागणारा मागेल. 'शेवटच्या पानावर जा' हे बटणही तसंच महागडं. ऑफसेट (इतक्या रो सोडून पुढच्या द्या) दिला की आधीच्या सगळ्या रो काढून टाकून द्याव्या लागतात. शेवट पाहायचा तर की वरून उलटा क्रम लावा.

क्यूए

डीबीएंना +१. प्रॉडक्शनचं कनेक्शन लाल दिसावं ही सोय बहुतेक ठिकाणी असते. मला ते मुळातच 'फक्त वाचा' असं उघडलेलं हवं, आणि लिहिण्याची परवानगी मी मुद्दाम, थोड्या वेळापुरती द्यायची.

स्क्रीन रीडर वापरणारा डेव्हलपर

लाल रंगाचा विषय निघाला म्हणून लिहितो. डब्ल्यूसीएजीचा (वेब सर्वांना वापरता यावं यासाठीच्या मार्गदर्शक सूचनांचा) १.४.१ हा निकष हेच सांगतो की माहिती फक्त रंगातून देऊ नये. 'प्रॉडक्शन' हा शब्द खिडकीच्या शीर्षकात असला की मला ऐकू येतो, आणि लाल-हिरवा फरक न दिसणाऱ्यांनाही वाचता येतो.

वेगासाठी अख्खा ग्रिड कॅनव्हासवर (चित्रासारखा) रंगवणारी टूल्स वाढली आहेत. तिथे माझ्या स्क्रीन रीडरला काहीच सापडत नाही. दहा लाख रो असूनही मला एक रिकामी चौकट. खऱ्या सेल असलेला ग्रिडही वेगवान करता येतो. दिसणाऱ्याच रो पानावर ठेवायच्या, आणि 'एरिया-रोकाउंट' व 'एरिया-रोइंडेक्स' या स्क्रीन रीडरसाठीच्या खुणांतून एकूण किती आणि ही कितवी ते सांगायचं. बाण दाबल्यावर कॉलमचं नाव, मग किंमत, आणि नल असेल तर स्पष्ट 'नल'. एवढं झालं की मी कुणाच्याही मदतीशिवाय डेटा तपासतो. ज्या टूलमध्ये हे जमतं तिथून मी हलत नाही.

मोबाइल ॲपवाली

एसक्यूलाइट (एका फाइलमध्ये राहणारा डेटाबेस) साठीच्या 'डीबी ब्राउझर' या टूलमधलं 'राइट चेंजेस' आणि 'रिव्हर्ट चेंजेस' फार दिलासा देतं. बदल करून पाहा, नको असेल तर मागे या. अडचण एकच. बदल लिहून टाकेपर्यंत फाइल लॉक राहते आणि माझ्या ॲपला 'डेटाबेस इज लॉक्ड' मिळतं.

असंच एक टूल लिहिणारा

वरच्या दोन गोष्टी एकमेकींना भिडतात. वापरणाऱ्याला बदल साठवून ठेवायचे असतात, आणि डीबीएंना उघडं ट्रान्झॅक्शन नको असतं. आम्ही बदल टूलच्या मेमरीत ठेवतो. सेल रंगते, बाजूला तयार होणारी एसक्यूएल दिसत राहते, आणि 'लागू करा' म्हटल्यावरच ट्रान्झॅक्शन उघडून लगेच बंद होतं.

याची किंमत आहेच. मधल्या वेळेत दुसऱ्याने तीच रो बदललेली असू शकते. म्हणून व्हेअरमध्ये प्रायमरी कीसोबत (रो ओळखणाऱ्या कॉलमसोबत) त्या सेलची जुनी किंमत घालायची. शून्य रो बदलल्या तर गुपचूप पुढे जायचं नाही. जुनी, त्यांची आणि तुमची अशा तिन्ही किमती शेजारी मांडायच्या. हे ऐकायला सोपं वाटतं, पण टाइप त्रास देतात. पोस्टग्रेसच्या 'जेसन'ला बरोबरीची तुलनाच नाही ('जेसनबी'ला आहे), आणि फ्लोट छापून परत वाचताना जुळेलच असं नाही. पोस्टग्रेसपुरता आम्ही रोचा 'एक्समिन' (रोची ही आवृत्ती कोणत्या ट्रान्झॅक्शनने लिहिली ती खूण) तपासतो. इतरांसाठी कोणी चांगला उपाय केला असेल तर सांगा.

धागाकर्ती

'एक्समिन'बद्दल आभार, हे आमच्या डोक्यात नव्हतं. प्रायमरी की नसलेल्या टेबलांचं काय करता?

असंच एक टूल लिहिणारा

नल नसणारा युनिक इंडेक्स (किंमत पुन्हा येऊ न देणारी सूची) असेल तर तो वापरतो. तोही नसेल तर ग्रिड फक्त वाचता येतो, आणि वर कारण लिहिलेलं असतं : 'या टेबलात रो ओळखण्याची खात्रीशीर खूण नाही.' सुरुवातीला यावर तक्रारी आल्या. काहींनी जाऊन टेबलाला की लावली.

डीबीए, पोस्टग्रेस

तिथेच की लावण्याची एसक्यूएल तयार करून द्या, पण चालवू नका. मोठ्या टेबलावर आधी 'कॉन्करंटली' (लिहिणं न अडवता) युनिक इंडेक्स बांधून मग त्यावर प्रायमरी की लावता येते. तो क्रम नीट दाखवलात तर पहिला नमुना तपासून द्यायला मी तयार आहे.